फॅक्टोरियल ऑफ 13

आमच्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे फळ्यावरचा प्रोग्रॅम टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या स्क्रीनवर टाइप करायचा, आउटपुट दाखवायचं आणि जर्नलवर सही घ्यायची. पहिल्या वर्षाला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना मीही बरीच वर्षं तेच केलं. मग आम्ही मूडलवर, म्हणजे ऑनलाइन शिकवण्याच्या सिस्टीमवर, व्हीपीएल, म्हणजे व्हर्च्युअल प्रोग्रॅमिंग लॅब बसवली. स्पेनमधल्या लास पाल्मास विद्यापीठात तयार झालेलं हे प्लगइन फुकट मिळतं. पोरं ब्राउझरमध्ये कोड लिहितात, तो वेगळ्या लिनक्स सर्व्हरवर चालतो आणि आपण दिलेल्या टेस्ट केसेसवर, म्हणजे ठरावीक इनपुट आणि त्याच्या अपेक्षित उत्तरावर, गुण पडतात. कुणाचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा कोड, थांबलाच नाही, तर वेळेची मर्यादा त्याला थांबवते.

बसवण्यापेक्षा जास्त घाम टेस्ट केसेस लिहिताना निघाला. सुरुवातीला गणित बरोबर असूनही कितीतरी प्रोग्रॅम नापास झाले, कारण आधी ‘एंटर अ नंबर’ छापायची सगळ्यांना सवय, आणि आमची तुलना व्हायची ती अख्ख्या आउटपुटची. मग काही हुशारांनी अपेक्षित उत्तरच प्रिंटएफमध्ये, म्हणजे स्क्रीनवर छापायच्या आज्ञेत, लिहून टाकलं! त्यानंतर काही टेस्ट केसेस लपवून ठेवायला लागलो.

खरी मजा फॅक्टोरियलला, म्हणजे 1 पासून त्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराला, आली. जर्नलमध्ये इनपुट कायम 5, उत्तर 120. टर्बो सीत इंट, म्हणजे पूर्ण संख्या ठेवायचा डेटा टाइप, 16 बिटांचा, कमाल 32767; त्यापुढचं उत्तर त्यात मावत नाही. 8 दिले की 40320 च्या जागी -25216 दिसतं आणि निदान संशय तरी येतो. सर्व्हरवरच्या जीसीसी या कंपायलरमध्ये इंट 32 बिटांचा, त्यामुळे 12 पर्यंत सगळं सुरळीत. 13 ला मात्र 1932053504 येतं. आकडा मोठा, वर उणे चिन्हही नाही, मग कोण शंका घेणार? लपवलेली टेस्ट केस 13 चीच ठेवली. ‘सर, प्रोग्रॅम बरोबर आहे, तुमची सिस्टीम चुकतेय,’ असं एक जण ठणकावून म्हणाला. त्याला म्हटलं, 12 चं उत्तर घे आणि कागदावर 13 ने गुण. उरलेला तास डेटा टाइपवरच गेला, आणि यावेळी कुणी पेंगलं नाही.

गुणांपेक्षा मला जास्त उपयोग झाला जुन्या सबमिशन्सचा. कुणी कुठे अडखळलं ते ओळीनिशी दिसतं. इनपुट घेणाऱ्या स्कॅनएफमधलं ॲम्परसँड (&) तर निम्मा वर्ग विसरतो. आणि अडखळल्याची खूणच नसलेला तयार कोड आला, की त्या मुलाला बोलावून एक ओळ बदलायला सांगतो.

जर्नल अर्थात सुटलेलं नाही. आता त्यात फसलेला प्रयत्न आणि दुरुस्ती दोन्ही लावायला सांगतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी गेल्या ओरलला (तोंडी परीक्षेला) नेमकं तेच पान उघडलं, आणि पाठ करून आलेल्यांची पंचाईत झाली.