हळू बोललं तरी ऐकू येतं

गावात राहायला आल्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी शेजारच्या आजी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या आणि सामान लावून झाले का, पाण्याची टाकी भरली का, आईला जागा मानवली का, अशी आपुलकीने चौकशी करू लागल्या. मी उत्तरे देत होते. दोन-तीन वाक्ये झाली असतील, तेवढ्यात त्यांनी हात किंचित वर केला आणि म्हणाल्या, "अगं, मी इथेच उभी आहे. हळू बोललीस तरी ऐकू येतं मला." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण मी गप्प झाले. आमच्यात जेमतेम चार हातांचे अंतर होते आणि मी रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात बोलत होते. एकोणीस वर्षे ज्या घरात मी राहिले त्याच्या खिडकीखालून दिवसरात्र वाहता रस्ता जात होता. तिथे स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत काही सांगायचे तर असेच बोलावे लागे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

एतिएन लोम्बार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ मध्येच याची नोंद करून ठेवली आहे. भोवती गोंगाट असला की बोलणारा माणूस नकळत आवाज चढवतो आणि गोंगाट थांबला की तो आवाज आपसूक खाली येतो. या परिणामाला आजही त्याचेच नाव आहे. माझ्या बाबतीत गोंगाट थांबला होता, पण आवाज खाली आला नव्हता. इतक्या वर्षांत तोच माझा नेहमीचा आवाज होऊन बसला होता. गोंगाटात पक्षीही असाच आवाज चढवतात, हे वाचल्यावर मला बरे वाटले. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रस्त्यांवरची वाहतूक एकाएकी ओसरली, तेव्हा तिथल्या एका जातीच्या चिमण्या पूर्वीपेक्षा हळू गाऊ लागल्याचे संशोधकांना आढळले, आणि हळू गाऊनही त्यांचे गाणे पूर्वीपेक्षा दूरवर पोहोचत होते.

शहरातून गावात येण्याविषयी लोक मला विचारतात तेव्हा त्यांना घर, काम, खर्च, इंटरनेट यांबद्दल ऐकायचे असते, आणि ते रास्तच आहे. मला मात्र आधी दुसरेच सांगावेसे वाटते. सामान हलवायला आम्हाला दोन दिवस लागले. शहरात तगून राहण्यासाठी माझ्या गळ्याने, कानांनी, डोळ्यांनी आणि मनाने जे काही शिकून घेतले होते, ते मात्र सामानाबरोबर उतरवून ठेवता आले नाही. ते सुटायला वर्ष उलटले, आणि त्या वर्षाची मला कोणी कल्पना दिली नव्हती.

पहिल्या आठवड्यात मला शांतता सोसली नाही. रात्री दिवा मालवून पडले की कानात एक बारीक, सलग सूर सुरू होई, जणू दूर कुठेतरी एखादे यंत्र चालू राहिले आहे. तिसऱ्या रात्री मी उठून घरातली सगळी बटणे तपासली आणि टाकीचा पंप बंद असल्याची खात्री करून घेतली; सूर तसाच होता. कानाला काही आजार जडला की काय, अशी धास्ती वाटू लागली. पुढे वाचनात आले की १९५३ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी ऐकू येण्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ८० निरोगी माणसांना एकेक करून पूर्ण निःशब्द खोलीत बसवले होते आणि त्यांपैकी ९४ टक्के जणांनी असले काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले होते. बाहेरून काहीच येईनासे झाले की मेंदू आपली ऐकण्याची धार वाढवतो आणि मग त्याला आतलीच खळबळ ऐकू येऊ लागते, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. माझ्या कानातला तो सूर महिन्याभरात विरला. ज्यांना तो कायम छळतो त्यांनी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. मी केवळ माझा अनुभव सांगते आहे.

शहरातल्या आवाजांची आपल्याला सवय होते, असे मी वर्षानुवर्षे अभिमानाने सांगत असे. ती सवय अर्धीच खरी होती. झोपलेला माणूस आवाजाने जागा झाला नाही तरी त्याच्या हृदयाची गती आणि रक्तदाब त्या आवाजाला प्रतिसाद देत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये रात्रीच्या वेळी घराबाहेरच्या आवाजाची पातळी सरासरी ४० डेसिबलच्या आत असावी, अशी शिफारस केली. डेसिबलचे माप असे आहे की दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. त्यामुळे ४० आणि ६० या आकड्यांत फारसे अंतर दिसत नसले तरी तीव्रतेत शंभरपटीचा फरक असतो. मी त्या शंभरपटीत एकोणीस वर्षे झोपले आणि त्याला झोप म्हणत राहिले.

कान हळूहळू सावरले तसे मला कळू लागले की गाव शांत असते म्हणजे तिथे आवाज नसतात, असे नव्हे. आवाज पुष्कळ असतात, पण प्रत्येक आवाजाला मालक असतो. विहिरीवरच्या रहाटाचा, कोणाच्या तरी सैल झालेल्या बिजागरीचा, पहाटे दोन वेगवेगळ्या दिशांनी एकमेकांना उत्तर देणाऱ्या कोंबड्यांचा. रात्री मला नदीचा आवाज येतो. ती घरापासून बरीच दूर आहे आणि दिवसा कितीही कान दिला तरी ऐकू येत नाही. मला वाटे की दिवसाच्या कामाधामात तो बुडून जात असेल, पण भर दुपारी सारे सामसूम असतानाही तो येत नाही, हे मी मुद्दाम अंगणात उभे राहून पाहिले. कारण हवेत आहे. दिवसा जमीन तापलेली असते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा उबदार असते आणि उबदार हवेत ध्वनी वेगाने जात असल्यामुळे त्याची वाट वरच्या बाजूला वळते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार राहते, आणि वर निघालेला ध्वनी वळून पुन्हा जमिनीकडे येतो. नदी रोज तेवढीच वाहते. रात्र तिला माझ्या खिडकीशी आणून सोडते. हे समजल्यापासून नदी ऐकू आली की मी आकाशाकडे पाहते, आणि बहुतेक वेळा आकाश स्वच्छ असते.

डोळ्यांनाही असाच वेळ लागला. वीज गेली की मी लगेच मोबाइलचा दिवा लावत असे आणि त्या दिव्यापलीकडचा अंधार अधिकच दाट होई. आईने एकदा मला तो बंद करायला लावला. "बस माझ्याजवळ, दिसेल थोड्या वेळानं," ती म्हणाली. अंधारात पाहणाऱ्या डोळ्यांतल्या पेशींना पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि प्रखर प्रकाशाची एक तिरीप ती सारी तयारी मोडते, हे मला शाळेत शिकवले गेले असावे. पण शहरात त्या पेशींना कधी अर्धा तास मिळालाच नव्हता. त्या रात्री आधी कुंपण उमटले, मग कुंपणाची एकेक काठी, मग पायरीवर झोपलेले कुत्रे, आणि आईच्या हातातल्या बांगडीवरची बारीकशी चमक. वर पाहिले तर आकाशगंगेचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता. कृत्रिम प्रकाशामुळे जगातल्या एक तृतीयांशाहून अधिक माणसांना आपल्या राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत आढळले होते. मीही त्यांतलीच एक होते. वयाच्या चाळिशीनंतर ती प्रथमच अशी सलग पाहिली.

मनाला लागलेली सवय मात्र सर्वांत चिवट निघाली. शहरात रोज शेकडो चेहरे समोरून जातात आणि त्या प्रत्येकाची दखल घेऊ लागलो तर दुपारपर्यंतच आपण थकून जाऊ. म्हणून आपण न पाहण्याची कला शिकतो. गेओर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०३ मध्येच महानगरातल्या माणसाचा कोरडेपणा हे त्याने स्वतःच्या बचावासाठी घेतलेले कवच आहे, असे मांडले होते. २००७ च्या सुमारास जगातली शहरी लोकसंख्या ग्रामीण लोकसंख्येपेक्षा अधिक झाली. म्हणजे ज्याला आपण स्वभाव समजतो ते हे कवच आता मानवजातीच्या मोठ्या भागाच्या अंगावर आहे. शहरातल्या माणसांवर मी दोष ठेवत नाही. त्या कवचाशिवाय मलाही तिथे राहता आले नसते.

गावात मात्र त्या कवचामुळे माझ्या हातून एक चूक झाली. एका सकाळी मी कामाच्या विचारात, खाली पाहत, रस्त्याने चालले होते. समोरून आजी येत होत्या. त्या थांबल्या, माझ्या नजरेला नजर मिळण्याची वाट पाहिली आणि मी तशीच पुढे निघून गेले. मला हे संध्याकाळी आईकडून कळले. आजींनी आईला एवढेच विचारले होते की, पोरीला माझं काही लागलं का? शहरात अशा न पाहण्याला काहीच अर्थ नसतो, कारण तिथे सगळेच सगळ्यांना पाहत नाहीत. जिथे वाटेवर दिवसभरात मोजकी माणसे भेटतात तिथे न पाहणे हे बोलण्यासारखेच असते, आणि मी त्यांच्याशी फार कठोर बोलले होते. मी रात्रीच त्यांच्याकडे गेले आणि जे घडले ते स्पष्ट सांगितले. त्यांना ते पटले की नाही कोण जाणे, पण त्यांनी मला बसवून घेतले.

याचीच दुसरी बाजू म्हणजे आपल्याकडे सतत कोणाचे तरी लक्ष असणे, आणि ते मला बरेच महिने जाचक वाटले. काल दिवा उशिरापर्यंत का जळत होता, आज गाडी का काढली नाही, परवा आलेले पाहुणे कोण, हे प्रश्न मी शहरात कोणाला विचारू दिले नसते. तिथल्या अनोळखीपणात एक मोकळीक होती आणि ती मोलाची होती. ज्यांना आपल्या मनाप्रमाणे जगण्यासाठी तिची खरी गरज असते, त्यांनी ती सोडण्यापूर्वी शंभरदा विचार करावा, असे मी आजही म्हणेन. माझे मत बदलले ते एका तापाने. आई काही दिवस बहिणीकडे गेली होती, मी एकटी होते आणि दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजले. आजी दारात होत्या. "काल सकाळपासून खिडकी उघडली नाहीस," एवढेच त्या म्हणाल्या. ज्या नजरेने दिव्याची चौकशी केली होती त्याच नजरेने बंद खिडकीही हेरली होती. यातली एक नजर मला हवी आणि दुसरी नको, असे म्हणण्याची सोय नव्हती.

तरीही कोणी केवळ थकून, शहरावर रागावून गावाकडे निघाले असेल तर मी त्यांना थांबवून काही प्रश्न जरूर विचारते. घरात वयस्क माणूस असेल तर सर्वांत जवळचे सुसज्ज रुग्णालय किती वेळात गाठता येते, हे मी पहिल्यांदा विचारते, आणि तो वेळ नकाशावर पाहून नव्हे तर पावसाळी रात्री स्वतः गाडी चालवून मोजावा असे सांगते. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी तपासणीत जाणारा वेळही त्यातच धरायचा असतो. हे गणित केल्यावर आम्ही आवडलेले पहिले घर सोडून दिले आणि मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या या गावात आलो. दुसरे, घर लगेच विकत घेऊ नये. वर्षभर भाड्याने राहून सगळे ऋतू पाहावेत, कारण सुट्टीत पाहिलेले गाव आणि पावसाने वाट अडलेली असताना अनुभवलेले गाव ही दोन वेगळी गावे असतात. इंटरनेट, विजेची सोय, पाणी यांची चौकशी माणसे स्वतःहून करतातच.

मागच्या महिन्यात कामासाठी एका रात्रीपुरती शहरात गेले होते. मैत्रिणीच्या घरी झोपले, ते घर आमच्या जुन्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. पूर्वी जो नुसता एकसंध गोंगाट वाटायचा, त्याचे आता मला धागे वेगळे ऐकू येत होते: गतिरोधकावर आदळणारा रिकामा ट्रक, कोणाच्या तरी घरातली खोकल्याची ढास, दूरवर एकच भोंगा तीनदा. सकाळी मैत्रीण म्हणाली, "अगं, जरा मोठ्यानं बोल, काही ऐकूच येत नाही." मी तिच्यासमोरच बसले होते.

संध्याकाळी गावी परतले तेव्हा अंधारून आले होते. आजींच्या घरात दिवा होता आणि त्या पायरीवर बसल्या होत्या. मी कुंपणाशी थांबले आणि आले म्हणून सांगितले. त्यांनी विचारले, "झोप लागली का गं तिकडे?" नाही लागली, असे मी म्हणाले, आणि ते त्यांना ऐकू गेले.