पंख्याखाली ज्योत टिकली!

टिकली! पंखा तीनवर, बाल्कनीचं दार उघडं, आणि रोश हशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, मांडणीची तालीम म्हणून टेबलाच्या मधोमध ठेवलेला तेलाचा दिवा एका संध्याकाळपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत अखंड जळला. सिमानीमच्या (नववर्षाला शुभशकुन म्हणून खायच्या पदार्थांच्या) वाट्यांचे फोटो मागाहून टाकते, आधी हे सांगू दे.

यंदाचा पेच नव्या मंडळींसाठी थोडक्यात. रोश हशाना ११ सप्टेंबर २०२६ ला, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतोय, म्हणजे पहिला दिवस थेट शब्बाथ, शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस. दिवे लावले की पुढे काडी ओढायची नाही, दिवा हलवायचा नाही, पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही. शनिवारी अंधार पडल्यावर दुसऱ्या रात्रीचे दिवे लावायचे ते आधीच जळत असलेल्या ज्योतीवरून. ती विझली तर शेजाऱ्यांच्या दारात उभं राहा. आणि ठाण्याच्या सप्टेंबरात पाहुण्यांना बिनपंख्याचं जेवायला बसवणं मला जमणार नाही. दिवे बाजूच्या कपाटावर ठेव, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण जेवायचं जिथे, दिवा तिथेच, यावर मी अडून आहे. एलईडी मेणबत्त्यांचं तर नावच काढू नका.

मेणबत्त्या वाऱ्यात एका अंगाने वितळून पांढऱ्या टेबलक्लॉथवर ओघळतात, ते रडगाणं जुनं. म्हणून ग्लास घेतला: खाली पाणी, वर तेल, तेलावर बुचाच्या चकतीत खोवलेली वात. वारा लागू नये म्हणून भोवती कंदिलाची काच. ती टेबलावर सपाट ठेवली की खालून हवा मिळत नाही, ज्योत काजळी धरते आणि गुदमरते. तीन लाकडी ठोकळ्यांवर उचलली तर छान जळते, पण पंख्याचा वारा वरच्या तोंडातून आत घुसतो. वर जाळीचं टोपण बसवावं तर काच काळीकुट्ट. ऑनलाइन रुंद काच मागवून पाहिली, तिच्या कडा इतक्या वेड्यावाकड्या की सध्या तिच्यात पेनं ठेवलीत. काच घ्यायची तर हार्डवेअरच्या जुन्या दुकानातून, हातात धरून, डोळ्यासमोर फिरवून.

शेवटी उदबत्ती लावली. पंखा चालू ठेवून ती टेबलावरून इंचाइंचाने सरकवत गेले. पात्यांच्या खाली धूर सपकन खाली दाबला जातो. पण बरोबर मोटरच्या वाटीखाली आला की आळसावल्यासारखा जागीच रेंगाळतो! तिथे वर पातंच नाही, तर वारा ढकलणार कोण? ओळंबा सोडून मध्य काढला, अख्खं टेबल हातभर खिडकीकडे ओढलं, ठोकळ्यांवर काच ठेवली आणि टोपण फेकून दिलं. ज्योत थरथरते, पण झुकत नाही. काच स्वच्छ. मी तासभर नुसती बघत बसले होते, घरच्यांना विचारा.

तेलाचं गणित: दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायचे, तिथपासून शनिवारच्या अंधारापर्यंत साधारण २५ तास. वात जाड असली की तेल झपाट्याने संपतं, ज्योत पाण्याला टेकते आणि तडतडून जाते. वात बारीकच हवी.

दिव्याखालच्या ताटलीत खाण्याची एकही वाटी नाही, कारण ती ताटली शब्बाथभर हलणार नाही. दिवे लावताना गोल हाला पाव टेबलावर हवेतच, नाहीतर टेबल निव्वळ दिव्याची बैठक ठरतं आणि तेही हलवता येत नाही. त्यामुळे आत्याने डाळिंबांचं भरतकाम केलेला पावांवरचा रुमाल यंदा मांडणीत पुढे आलाय, आणि मला तो कुठल्याही रनरपेक्षा आवडतो.

फुलं रद्द. १४ तारखेला गणपती, त्या आठवड्यात दादरच्या फुलबाजारात भाव विचारायचीही हिंमत नाही. शिवाय पंख्याखाली निशिगंध रविवारपर्यंत माना टाकणार. रंग खाण्यातूनच येऊ दे: गव्हाच्या चिकाच्या हलव्याच्या लाल वड्या, बीटाचा पाला, दुधी, चवळी, खजूर, लीक, सफरचंद. डाळिंबाचे दाणे सोलून काचेच्या वाटीत, म्हणजे टेबलक्लॉथ वाचेल. मध पितळेच्या वाटीत सुंदर दिसतो, पण बिनकल्हईच्या पितळेत तो ठेवू नका, कळकतो. रावसाचं डोकं ऐनवेळी स्वयंपाकघरातून येईल. दुसऱ्या रात्रीच्या शेहेखियानूसाठी (नव्या गोष्टीबद्दल आभार मानायच्या प्रार्थनेसाठी) नवं फळ म्हणून सीताफळ: शुक्रवारी दगड, शनिवारी रात्री डोळे उघडलेलं. तोवर घरात कोणी सीताफळ खाल्लं तर याद राखा.

राहिला एक घोळ. वाट्यांसाठी दिव्यावरून हात जातो, आणि मुलांच्या बाह्या लांब. वाट्या दोन्ही लांब कडांना कमानीत लावायच्या असं ठरवलं होतं... पण हे लिहिता लिहिता माळ्यावरचं घडीचं गोल टेबल आठवलं! गोल टेबलाचा मध्य पंख्याखाली, भोवती प्रत्येकाला आपापली लहान थाळी, त्यात सगळे सिमानीम. मधे हात घालायचं कामच नाही. बसतील सहाच, पाहुणे जास्त. मग लांब टेबल त्याला जोडून मुलांना तिकडे? की मोठ्यांनाच तिकडे? उद्या गोल टेबल उतरवते आणि पुन्हा उदबत्ती फिरवते.

तोवर कोणी सांगेल का, बुचाच्या पातळ चकत्या तयार कुठे मिळतात? बाटल्यांची बुचं कापून बोटांची वाट लागली आहे.