तुम्ही विचारलंत म्हणून : आयर्लंड नाटोत का नाही?

नागपूरहून फोन आला की भाऊजींचा ठरलेला प्रश्न असतो, "वहिनी, तुमचं आयर्लंड नाटोत का नाही हो? घाबरतं की काय?" पूर्वी मी "छोटा देश आहे" म्हणून वेळ मारून न्यायचे. हल्ली ब्रे हेडच्या दगडांपासून सुरुवात करते.

ब्रे हे डब्लिनच्या दक्षिणेचं समुद्राकाठचं गाव. 2018च्या उन्हाळ्यात तिथल्या डोंगरावर वणवा लागला, काटेरी झुडपं जळून गेली आणि खालून दगडांनी मांडलेली अक्षरं उघडी पडली : 'एरा'. आयरिश भाषेत आयर्लंड. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर अशी 80हून जास्त नावं मांडली होती, वरून जाणाऱ्या विमानांना खाली तटस्थ देश आहे हे कळावं म्हणून. पुढे त्यांच्याशेजारी टेहळणी चौकीचा क्रमांकही घातला, तो मात्र अमेरिकी वैमानिकांना वाट सापडावी यासाठी! पाटी तटस्थतेची आणि मदत एका बाजूला.

मुळात या तटस्थतेचं जर्मनीशी काही देणंघेणं नव्हतं, सगळा हिशोब लंडनशी होता. 1922 मध्ये वेगळं राज्य मिळालं, तरी कोव्ह, बेअरहेवन आणि लॉक स्विली ही बंदरं ब्रिटिश नौदलाकडेच राहिली. पंतप्रधान डी व्हॅलेरांनी ती 1938 मध्ये सोडवून घेतली. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं. तेव्हा व्हाइसरॉयने आपल्या पुढाऱ्यांना न विचारता भारताला युद्धात ओढलं, ते आठवा. डब्लिनला मात्र 'आम्ही येत नाही' म्हणता आलं. स्वातंत्र्य खरं आहे याची याहून मोठी खूण कोणती?

त्याचा अतिरेकही झाला. हिटलर मेल्यावर डी व्हॅलेरा जर्मनीच्या प्रतिनिधीकडे दुखवट्याला गेले. मला ते आजही पटत नाही.

1949 मध्ये नाटोचं, म्हणजे एकमेकांचं रक्षण करायच्या लष्करी युतीचं बोलावणं आलं, तेही नाकारलं. उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे असताना त्याच ब्रिटनच्या सीमा राखायची शपथ कशी घ्यायची? म्हणजे कारण फाळणीचं होतं, शांततेचं नव्हे. शांततेचा मान नंतर आला, तो 1958 पासून संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांवर गेलेल्या आयरिश सैनिकांमुळे. 1961 मध्ये काँगोत जादोव्हिलला आयरिश तुकडी वेढ्यात अडकली, तेव्हा सोडवायला निघालेल्यांत भारताचे गुरखा सैनिकही होते. हे ऐकून भाऊजी पहिल्यांदाच गप्प झाले.

मग म्हणाले, "म्हणजे भीती नाही, हट्ट आहे."

हो म्हटलं. पण आयर्लंडकडे आज एकही लढाऊ जेट विमान नाही, हेही सांगून टाकलं.