आमची वाटचाल : सात जण गेले ती अक्षय्य तृतीया

सासऱ्यांनी उभा केलेला आमचा ब्रास बँड 1998 मध्ये यजमानांच्या निधनानंतर माझ्या हाती आला. सुपारी द्यायला येणारी मंडळी दुकानात मला पाहून "मालक कुठे गेलेत?" असे विचारत, आणि मीच मालक व मीच क्लॅरिनेटवर पुढे उभी राहणार हे कळल्यावर काही जण "घरी विचारून सांगतो" म्हणून परत येत नसत. क्लॅरिनेट मी सासरीच शिकले. दुपारी सासरे समोर बसवून सरगम घोटून घेत, कारण नोटेशनचा कागद आमच्या बँडमध्ये कधी नव्हता आणि आजही नाही.

मला उभे केले ते आमच्या गोव्याच्या ट्रम्पेट मास्तरांनी. पूर्वी मुंबईच्या हॉटेलांत वाजवलेला हा माणूस पिस्टनला तेल दिल्याशिवाय चहा घेत नसे. इंग्लंडच्या आयव्ही बेन्सन यांची हकीकत त्यांनीच मला सांगितली. 1943 मध्ये बीबीसीने त्यांच्या केवळ बायकांच्या बँडला कायमची नेमणूक दिली, तेव्हा पुरुष बँडवाल्यांनी मोठा आरडाओरडा केला होता. बेन्सनबाईंच्या वादक मुली लग्न करून अमेरिकी सैनिकांबरोबर निघून जात आणि बाई पुन्हा नव्या मुलींना तयार करत. माझी माणसे लग्नासाठी नव्हे, दुसऱ्या बँडसाठी गेली, एवढाच फरक.

ही 2009 ची गोष्ट. अक्षय्य तृतीयेला दोन दिवस असताना शेजारच्या गावातील एका बँडमालकाने माझे अठरापैकी सात वादक फोडले. त्यांत तीनही ट्रम्पेट आणि दोन्ही युफोनियम होते. दिवाळीपूर्वीच मी या सातही जणांना हंगामाची उचल दिलेली होती. ती फेडून माणसे नेली असती तर मी एक शब्द बोलले नसते. पण त्या गृहस्थांनी उचलीचा विषयही काढला नाही, आणि पुढे बँडवाल्यांच्या बैठकीत "बाईंना माणसे सांभाळता येत नाहीत" असे वर म्हणून दाखवले. मास्तर त्या वेळी आजारी होऊन गावी गेलेले होते.

तृतीयेची सुपारी जयसिंगपूरच्या एका तंबाखू व्यापाऱ्यांची होती. त्यांच्या घरची आधीची चारही लग्ने आम्हीच वाजवली होती. सुपारीचे पैसे परत करायला मी गेले, तेव्हा त्यांनी पाकिटाला हातही लावला नाही; "वहिनी, आहेत तेवढ्या माणसांत वाजवा" एवढेच म्हणाले. आम्ही अकरा जणांनी वरात काढली. ट्रम्पेटची चाल मी क्लॅरिनेटच्या वरच्या पट्टीत घेतली, युफोनियमचा खर्ज ट्रॉम्बोनवाल्याने सांभाळला आणि दोन्ही सॅक्सोफोन मधली जागा भरत राहिले. मांडवापर्यंत माझ्या क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायच्या दोन पत्त्या (रीड) फुटल्या. व्यापाऱ्यांनी ठरल्यापेक्षा एक रुपया कमी दिला नाही, आणि धाकट्या मुलीच्या लग्नाची सुपारी त्याच रात्री दिली.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी उचल दोन हप्त्यांत द्यावी आणि दुसरा हप्ता माघाच्या आत देऊ नये. वैशाखात वाद्ये वरात निघेपर्यंत सावलीत ठेवावीत, कारण उन्हात तापलेले पितळ स्वर चढवते आणि मग वादक एकमेकांना दोष देत बसतात.

पुढची दहा वर्षे बरी गेली. 2019 च्या महापुरात दुकानात पाणी शिरले. पितळेची वाद्ये धुऊन-पुसून उभी राहिली, क्लॅरिनेटचे पॅड मात्र सगळे फुगून गेले. उचलीची वही मी आधीच माळ्यावर ठेवलेली होती, म्हणून ती वाचली. फुटलेल्या सात जणांपैकी चौघे परत आले आणि त्यांनी हळूहळू रक्कम फेडली. उरलेल्या तिघांच्या नावांपुढचे आकडे मी अजून खोडलेले नाहीत.