एकशे एकसष्ट मतांचे गाव

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अटलांटाहून दक्षिणेकडे तीनेक तास गाडी हाकल्यावर प्लेन्स लागते; माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे हे गाव. ऑक्टोबर असल्यामुळे वाटेतल्या तांबड्या मातीच्या शेतांत भुईमूग उपटून शेंगा वर करून वाळत ठेवलेला होता. बाकी रस्ता कंटाळवाणाच.

२०२० च्या जनगणनेत या गावाची वस्ती ५७३ भरली. आपल्याकडे एवढ्या वस्तीला फार तर सात सदस्यांची ग्रामपंचायत मिळते, नाहीतर शेजारच्या वाडीबरोबर गट ग्रामपंचायतीत जावे लागते; इथे मात्र स्वतंत्र महापौर आणि नगर परिषद आहे. तो कारभार जवळून पाहण्याची इच्छा होती, पण मी शनिवारी पोहोचलो आणि कचेरीचे दार बंद. दोष सर्वस्वी माझा.

मग १८८८ चे रेल्वे स्थानक पाहिले. १९७६ मध्ये जिमी कार्टर यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचाराचे मुख्यालय इथे होते. धाकट्या भावाचा, बिली कार्टर यांचा, पेट्रोल पंपही आता संग्रहालय झाला आहे. मला खिळवून ठेवले ते तिथे आठवलेल्या एका आकड्याने. ज्या वर्षी थोरला भाऊ देशाचा अध्यक्ष म्हणून निवडून आला, त्याच वर्षी धाकटा गावच्या महापौरपदासाठी उभा राहिला आणि ९० विरुद्ध ७१ मतांनी पडला. म्हणजे गावातली एकूण मते १६१. कुणी कुणाला मत दिले, याचा अंदाज घराघरांवरून बांधता आला असता.

शेंगदाण्याचे आइस्क्रीम विकणाऱ्या दुकानातल्या वयस्कर बाईंना मी हे बोलून दाखवले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘माझ्या वडिलांनी कुणाला मत दिले, ते त्यांनी आईलासुद्धा शेवटपर्यंत सांगितले नाही. निवडून येणारा आणि पडणारा, दोघांकडेही रोज जायचे असते ना!’’ ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर भावकीत वर्षानुवर्षे अबोला धरलेली घरे मी पाहिली आहेत, त्यामुळे या शहाणपणाचा मला हेवा वाटला. अर्थात, तिथेही सगळे इतके गोड असेल, यावर माझा विश्वास नाही. याच गावातली बॅप्टिस्ट मंडळी १९७६ मध्ये कृष्णवर्णीयांना चर्चमध्ये घेण्याच्या प्रश्नावरून फुटली आणि पुढच्या वर्षी वेगळे चर्च निघाले. बाईंनी तो विषय काढला नाही आणि पाहुणा म्हणून मीही विचारले नाही.

मी मुंबईचा, असे कळताच मात्र त्यांनी चटकन विचारले, ‘‘मुंबईत म्हणजे विक्रोळीत का?’’ मी थक्क झालो. जिमी कार्टर यांच्या आई, मिस लिलियन, पेशाने परिचारिका होत्या आणि १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतर्फे विक्रोळीत काम करायला आल्या होत्या. ‘‘त्या काम करत तो दवाखाना अजून आहे का हो?’’ बाईंनी विचारले. पंचवीस वर्षे विक्रोळीत राहिलेल्या माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी खारवलेल्या उकडलेल्या शेंगांचा एक पुडा मागितला आणि पैसे मोजू लागलो.