लिव्हरपूलची दोन घरं: आधी बुकिंग, मग विमान

लिव्हरपूलला जायचं नक्की झालं तेव्हा मी सगळ्यात आधी विमानाचं तिकीट काढलं. तिथेच चुकले. तुम्ही बीटल्स या बँडसाठी जाणार असाल, तर आधी त्या दोन घरांची तारीख मिळवा, बाकी सगळं त्या तारखेभोवती बसवा.

पॉल मॅकार्टनीचं २०, फोर्थलिन रोड आणि जॉन लेननचं २५१, मेनलव्ह अव्हेन्यू, म्हणजे 'मेंडिप्स'. दोन्ही घरं आता जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहेत. पॉलचं घर ट्रस्टने १९९५ मध्ये घेतलं. जॉनचं घर २००२ मध्ये योको ओनो यांनी विकत घेऊन ट्रस्टला दिलं. फाटकाबाहेर उभं राहून फोटो कुणीही काढू शकतं, पण आत जायला एकच वाट आहे: आधी आरक्षण करायचं आणि ट्रस्टच्या मिनीबसमधून जायचं. घरंच एवढी लहान की एका फेरीत मोजकी माणसं नेतात, आणि हिवाळ्यात दोन्ही घरं बंद असतात.

माझे पुण्यात गिटारचे क्लास आहेत. पगाराची स्लिप नाही, त्यामुळे व्हिसाच्या कागदांची धाकधूक होती. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आणि मँचेस्टरला राहणाऱ्या ताईचं पत्र की ही माझ्याकडे उतरणार आहे, एवढं जोडलं. फीचे जे पैसे रोख येतात ते वर्षभर न चुकता बँकेत भरत होते, त्याचा इथे उपयोग झाला. अर्ज ऑनलाइन भरला, केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो दिला. तिसऱ्या आठवड्यात पासपोर्ट हातात आला.

अडलं ते भलतीकडेच. घरांचं बुकिंग करायला बसले, सप्टेंबरातल्या माझ्या तारखेला दोन जागा दिसत होत्या, आणि कार्ड चालेना. आपल्याकडची कार्डं परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तो व्यवहार आपण स्वतः चालू करायचा असतो. माझ्या बँकेच्या ॲपमधला तो पर्याय काही केल्या उघडेना. दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन ते काम होईपर्यंत जागा गेल्या होत्या. मग चार दिवस पुढची तारीख मिळाली, आणि विमानाचा फरक भरून परतीचं तिकीट पुढे ढकललं. ताई फोनवर म्हणाली, "अगं, बाहेरून बघ की. घरच तर आहे." मला आतच जायचं होतं.

मँचेस्टरहून येताना लिव्हरपूलच्या मुख्य स्टेशनपर्यंत जायची गरज नाही. त्याआधीच्या लिव्हरपूल साउथ पार्कवेला उतरलात की स्पीक हॉल, म्हणजे ट्रस्टचाच एक जुना वाडा, जवळ पडतो. आमची बस तिथूनच सुटणार होती. बसमध्ये आम्ही दोघी, एक जपानी जोडपं आणि बाकी बहुतेक अमेरिकन आजोबा-आजी.

मेंडिप्समध्ये मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून आत नेतात. जॉनला वाढवणाऱ्या मिमी मावशीच्या काळातही घरात येण्याची वाट तीच होती. बॅगा, कॅमेरे, फोन सगळं काढून घेतात. आत एकही फोटो काढता येत नाही. या नियमाने सुरुवातीला हिरमोड झाला होता. दहा मिनिटांत लक्षात आलं, की सगळी माणसं खोल्यांकडे बघताहेत, कुणाचीही मान खाली नाही.

जॉन इथे लहानपणापासून १९६३ पर्यंत राहिला. घर मध्यमवर्गीय आणि नीटनेटकं, खिडक्यांना रंगीत काचा. जॉनची खोली पोर्चच्या बरोबर वर, एक पलंग टाकला की संपली. गिटारवर पोट भरत नाही, हे मिमी मावशीचं म्हणणं जगप्रसिद्ध आहे. माझ्या क्लासमधल्या निम्म्या मुलांच्या घरी ते रोज ऐकू येतं, त्यामुळे ते लिव्हरपूलचं आहे असं मला कधी वाटलंच नाही. सरावाचा आवाज नको म्हणून ती पोरांना पुढच्या काचेच्या पोर्चमध्ये पिटाळायची. आम्हाला तिथे उभं केलं. मी हळूच एक टाळी वाजवली. आवाज काचांवरून आणि फरशीवरून असा टणकन परत आला, की साध्या गिटारलाही तिथे धार आली असणार.

जॉनची आई ज्युलिया वेगळी राहायची. तिनेच त्याला बँजोच्या पद्धतीने सूर लावायला शिकवलं, म्हणून सुरुवातीला तो गिटारवर बँजोचे कॉर्ड धरायचा. १५ जुलै १९५८ ला ती मिमीला भेटून बाहेर पडली आणि याच मेनलव्ह अव्हेन्यूवर गाडीखाली गेली. जॉन तेव्हा १७ वर्षांचा होता. परत बसमध्ये बसताना तो रस्ता समोरच असतो, गाड्या भरधाव जात असतात. आमच्या बसमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही.

दोन घरांमध्ये फार अंतर नाही. मधल्या गोल्फच्या मैदानातून ही पोरं पायी ये-जा करत. फोर्थलिन रोडचं घर मात्र नगरपालिकेच्या चाळवजा रांगेतलं. मॅकार्टनी कुटुंब १९५५ मध्ये इथे आलं आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबरच्या अखेरीस, पॉलची आई मेरी कॅन्सरने गेली. ती सुईण होती. पॉल १४ वर्षांचा. वडील जिम कापसाच्या पेढीत नोकरीला होते, स्वतः पियानो वाजवायचे. पुढच्या खोलीच्या भिंतींवर वेगवेगळ्या नक्षीचे कागद आहेत, कारण दुकानातले उरलेसुरले तुकडे स्वस्तात आणून चिकटवले होते. ताई तिथे थबकली. "आपल्या जुन्या घरातल्या फरशा अशाच होत्या ना गं?" खरंच होत्या, तीन रंगांच्या.

याच खोलीत शेकोटीजवळ जॉन आणि पॉल समोरासमोर बसून गाणी करायचे. पॉलचा भाऊ माइक याने काढलेला तसा एक फोटो तिथे आहे, दोघं वहीत डोकं घालून 'आय सॉ हर स्टँडिंग देअर' लिहिताहेत. तो फोटो मी शेकडो वेळा पाहिलेला. पण त्या खोलीत, त्या जागेवर उभी राहिले तेव्हा एक गोष्ट नव्याने कळली. जॉन उजव्या हाताने वाजवणारा, पॉल डावखुरा. मी शिकवताना मुलांसमोर बसते तेव्हा त्यांना माझी बोटं उलटी दिसतात आणि ती गोंधळतात, मग मला उठून शेजारी बसावं लागतं. या दोघांचं तसं नव्हतं. समोरच्याचा हात म्हणजे आरशातला आपलाच हात. कॉर्ड विचारावा लागत नाही, नुसता बघून धरता येतो.  मी हे ताईला सांगायला लागले तर जपानी बाईही जवळ येऊन ऐकू लागल्या. मी हवेतच गिटार धरून दाखवली आणि त्या समोर डावखुऱ्या होऊन उभ्या राहिल्या.

तिथल्या पियानोला हात लावू देतात. मी फक्त एक सी मेजर वाजवला. त्याहून जास्त धीर झाला नाही.

बाकीचं शहर एका दिवसात होतं. वुल्टनच्या सेंट पीटर्स चर्चला जरूर जा. ६ जुलै १९५७ ला तिथल्या जत्रेच्या दिवशी जॉन आणि पॉल पहिल्यांदा भेटले. मॅथ्यू स्ट्रीटवरचं कॅव्हर्न, म्हणजे बीटल्स जिथे वाजवायचे तो क्लब, १९७३ मध्ये बंद होऊन पाडलं गेलं आणि १९८४ मध्ये जुन्या विटा वापरून पुन्हा बांधलं. संगीत तिथे छान चालतं, पण मला ते घरांइतकं भिडलं नाही.

कास्बा मात्र सोडू नका. वेस्ट डर्बीतल्या एका मोठ्या घराचं तळघर. इथेही आधी बुकिंग लागतं. २९ ऑगस्ट १९५९ ला मोना बेस्ट यांनी ते पोरांसाठी क्लब म्हणून उघडलं आणि पहिल्याच रात्री जॉन, पॉल आणि जॉर्ज हॅरिसन वाजवायला होते. त्या पोरांनी स्वतः रंगवलेली छतं अजून तशीच आहेत, हात उंचावला तर लागतील इतकी खाली. मोनाबाईंचा जन्म दिल्लीचा, मुलगा पीट, म्हणजे बीटल्सचा रिंगोच्या आधीचा ड्रमर, मद्रासचा. १९४५ मध्ये मुंबई बंदरातून जहाजात बसून हे कुटुंब लिव्हरपूलला आलं. हे घर कसं घेतलं, तर अंगावरचे दागिने गहाण ठेवून १९५४ च्या डर्बी या घोड्यांच्या शर्यतीत नेव्हर से डाय या घोड्यावर पैसे लावले, तो ३३ ला १ या भावाने जिंकला, असं बेस्ट कुटुंब सांगत आलं आहे.

ताई दिवसभर माझ्या मागेमागे शांतपणे फिरली होती. संध्याकाळी मँचेस्टरच्या गाडीत बसल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला: "मग ते दागिने सोडवले का गं तिने?"