खिडकी उघडायची तर मध्ये टूलकिट कशाला?

पायथन शिकणारे हमखास विचारतात: विंडोजचं स्वतःचं एपीआय (विंडोजकडून काम करून घ्यायची फंक्शनं) असताना मध्ये टीकेइंटरचा, म्हणजे पायथनसोबत येणाऱ्या खिडक्या-बटणांच्या टूलकिटचा, थर कशाला? म्हणून सांगतो.

थेट विन३२ वर, म्हणजे विंडोजच्या त्या एपीआयवर, लिहायचं तर आधी विंडो क्लास रजिस्टर करा, मग खिडकी तयार करा, ती दाखवा आणि मेसेज लूप (क्लिक, कळ वगैरेंचे मेसेज एकेक घेत राहणारा फेरा) स्वतः फिरवा. प्रत्येक मेसेजला उत्तर देणारं फंक्शनही तुम्हीच लिहायचं. पेंटचा, म्हणजे खिडकी रंगवण्याचा, मेसेज हाताळताना बिगिनपेंट हे फंक्शन विसरलात, की तो भाग अजून रंगवायचाच आहे असं विंडोज समजतं, तोच मेसेज पुन्हा पुन्हा पाठवत राहतं आणि सीपीयू तापतो. खिडकी ताणली की बटणांच्या जागांचे आकडे पुन्हा मांडायचे, तेही तुम्हीच. टीकेइंटरमध्ये हे सगळं चार-पाच ओळींत आटोपतं.

पण मांडणीचा विचार टळत नाही. नाव लिहायचा रकाना ग्रिडमध्ये (ओळी-कॉलमांच्या मांडणीत) ठेवला, कुठल्या बाजूंना चिकटायचं ते सांगणाऱ्या स्टिकीला 'पूर्व-पश्चिम' दिलं, तरी खिडकी ओढल्यावर रकाना आहे तेवढाच! कारण स्टिकी रकान्याला फक्त त्याच्या चौकटीत ताणतं. चौकट वाढायला त्या कॉलमचं वेट (जादा जागेतला वाटा) १ करावं लागतं, मुळात ते ० असतं. आणि एकाच फ्रेममध्ये (बटणं-रकाने ठेवायच्या डब्यात) पॅक ही दुसरी मांडणी नि ग्रिड मिसळू नका. आताची टीके, म्हणजे टीकेइंटरखालची मूळ टूलकिट, सरळ एरर देते; जुन्या आवृत्त्यांत ते दोघे एकमेकांशी भांडत बसायचे आणि प्रोग्रॅम गोठून जायचा.

गोठण्याचं नेहमीचं कारण मात्र वेगळं. बटणाच्या फंक्शनमध्ये ५ सेकंदांचं स्लीप (नुसतं थांबणं) किंवा मोठी फाइल वाचणं घातलं, की मेनलूप, म्हणजे टीकेइंटरचा मेसेज लूप, तिथेच अडकतो. खिडकी पांढरी पडते, 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. जड काम वेगळ्या थ्रेडमध्ये (सोबतीने चालणाऱ्या धाग्यात) टाका, उत्तर क्यूमध्ये (रांगेत) ठेवा आणि मुख्य थ्रेडमधून आफ्टर हे ठरावीक वेळाने फंक्शन चालवणारं साधन वापरून दर १०० मिलिसेकंदांनी ती क्यू तपासा. थ्रेडमधून थेट लेबल बदलू नका; आज चालेल, उद्या नाही. बटणाला फंक्शन देताना नावापुढे कंस लावले, तर ते खिडकी दिसायच्या आधीच चालतं, ही चूक तर जवळपास प्रत्येकाची.

२००७ मध्ये टीके ८.५ सोबत टीटीके, म्हणजे नव्या रूपातल्या बटणा-रकान्यांचा संच, आलं, तेच वापरा. जुनी बटणं फारच जुनाट दिसतात. फक्त टीटीकेच्या बटणाला बीजी (पार्श्वभूमीचा रंग) देऊन रंग बदलत नाही, एरर येते. रंग स्टाइलमधून द्यायचा.

मराठी फॉर्म करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मोठी. लिनक्सवर टीके ८.६ अक्षरं जोडत नाही: 'क्षितिज' लिहिलं तर क, हलन्त, ष असे सुटे तुकडे पडतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला बसते. फॉन्ट बदलून उपयोग नाही, दोष मांडणी करणाऱ्या थरात आहे. क्यूटी आणि जीटीके या दुसऱ्या टूलकिट हे काम अक्षरं जोडणाऱ्या हार्फबझ या लायब्ररीकडून करून घेतात, त्यामुळे तिथे जोडाक्षरं नीट येतात. विंडोजपुरतं छोटं साधन हवं असेल तर टीकेइंटर पुरे; लिनक्सवर देवनागरी दाखवायची असेल तर पहिल्या दिवसापासून क्यूटी घ्या.